मुठीचा डबा

गेल्या वर्षी मी देवाकडे सोन्याच्या पाटल्या मागत होतो. ज्या वयात माणसाने शांत मरण मागावं, नातवंडांचं आयुष्य मागावं, त्या वयात मी रोज सकाळी बायबल मिटून, डोळे मिटून, पाटल्या मागत होतो. प्रभूच्या प्रार्थनेत ‘रोजची भाकर’ म्हणून झालं की माझं मन घसरत घसरत तिथेच जाऊन थांबे. आणि उत्तर येत नसे. हळूहळू मला वाटू लागलं की माझं बोलणं छतापर्यंतच पोचतं. आयुष्यभर चर्चच्या मंडळीत ‘वडील’, म्हणजे कारभारी पंच, म्हणून मिरवलेल्या माणसाने हे लिहिणं सोपं नाही, पण तेव्हा माझी अवस्था खरोखरच अशी होती.

पाटल्या माझ्या पत्नीच्या. तिला तिच्या आईकडून मिळालेल्या, जुन्या घडणीच्या, जड. गेल्या उन्हाळ्यात ती अचानक गेली. सकाळी चहा टाकायला उठली आणि ओट्याशीच खाली बसली. कल्याणच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. निरोप घ्यायला, काही सांगायला, तिला वेळच मिळाला नाही. तिचं कपाट उघडलं तेव्हा साड्या होत्या, नॅप्थलीनच्या गोळ्या होत्या, नातवंडांच्या पहिल्या केसांच्या पुड्यासुद्धा होत्या. पाटल्या मात्र नव्हत्या.

आम्ही ठाकुर्लीला राहतो. मूळचे नगरकडचे, पण माझा जन्म इकडचाच. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराचसा काळ समुद्रात. त्यामुळे घरात मी, माझी पत्नी आणि सून शलोमी, एवढेच. थोरली मुलगी करुणा ठाण्याला दिलेली, नातवंडं तिचीच. पाटल्या करुणाला द्यायच्या असं तिच्या आईने तिला कबूल केलं होतं. शलोमीने त्या एकदाच, स्वतःच्या लग्नात, सासूने कौतुकाने घातल्या म्हणून घातल्या होत्या. संशयाला एवढं पुरेसं झालं. आम्ही सगळं घर उलटंपालटं केलं, रव्याचे, डाळींचे, पोह्यांचे डबे परातीत ओतून पाहिले, गाद्यांच्या शिवणी उसवल्या. आणि शेवटी करुणा माझ्यासमोर, शलोमीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “पप्पा, घरात राहणाऱ्यालाच माहीत असणार ना कुठे गेल्या ते.”

शलोमी परातीतले पोहे परत डब्यात भरत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. करुणा त्या दिवशी जिना उतरून गेली ती गेलीच. ठाणे ते ठाकुर्ली अंतर ते काय, पण ती आली नाही. फोनवर माझ्या गोळ्यांची चौकशी करी आणि ठेवून देई. मला बायको गेल्याचं दुःख होतंच, पण ते दुःख मी समजू शकत होतो. जिवंत लेक दुरावली, आणि जी सून माझं पथ्यपाणी सांभाळत होती ती माझ्याच घरात मान खाली घालून वावरू लागली, हे मला सोसत नव्हतं. म्हणून मी पाटल्या मागत होतो. सापडल्या तर लेक परत येईल आणि सुनेची मान वर होईल, एवढाच माझा हिशोब होता.

आता मुठीच्या डब्याबद्दल सांगायला हवं. माझ्या आईपासून आमच्या घरात पद्धत आहे. भाताचे तांदूळ धुवायच्या आधी त्यातले मूठभर काढून एका वेगळ्या डब्यात टाकायचे. ते देवाचे. कापणीच्या सणाला, म्हणजे आम्ही ख्रिस्ती लोक पिकाबद्दल देवाचे उपकार मानतो त्या रविवारी, तो डबा चर्चमध्ये न्यायचा आणि तांदूळ गरजूंसाठी द्यायचा. आमच्याकडे ना शेत उरलं ना बैल, तिसऱ्या मजल्यावर कसली कापणी, पण मूठ चालू राहिली. त्या डब्याचा नियम एकच. त्यात हात घालायचा तो टाकायला, काढायला नाही. घरातला तांदूळ संपला, पाहुणे दारात आले, तरी शेजारून उसना आणायचा पण त्या डब्याला हात लावायचा नाही. सणाच्या आदल्या दिवशी तो रिकामा करून, तांदूळ निवडून पुन्हा भरण्याचं काम पत्नी स्वतः करी, दुसऱ्या कोणाला करू देत नसे. मोठा स्टीलचा डबा होता तो, पोटावर तिचं नाव घातलेला.

पत्नी गेल्यावर शलोमीने मूठ टाकणं चालू ठेवलं होतं. करुणाच्या त्या वाक्यानंतर मात्र तिने ते थांबवलं. “पप्पा, मम्मींच्या कुठल्याच वस्तूला मी आता हात लावणार नाही,” असं एकदाच म्हणाली. डबा ओट्याखाली तसाच बसून राहिला आणि येता-जाता मला टोचू लागला. कापणीचा सण आला तेव्हा मी तो उचलला, रिक्षात घातला आणि चर्चमध्ये नेऊन ठेवला. दरवर्षी तांदूळ पोत्यात ओतून डबा घरी परत येई. या वेळी मी वाटपाचं काम बघणाऱ्यांना सांगितलं, “डब्यासकट द्या कोणाला तरी. मला तो परत नको.” लोकांना वाटलं, काय हा माणूस, पत्नीची आठवणसुद्धा देऊन टाकली. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, माझ्या खांद्यावर हात ठेवला. खरं सांगायचं तर माझ्या त्या देण्यात भक्ती नव्हती, निव्वळ वैताग होता.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, दाराची बेल वाजली. बाहेर एक बाई उभी होती. अंगाने किरकोळ, घामाघूम, काखेत एक मोठी कापडी पिशवी. शहाडला नदीच्या बाजूच्या वस्तीत राहते म्हणाली, नाव मंगल. डब्यावरचं नाव चर्चमध्ये दाखवून तिने पत्ता काढला होता. कशासाठी, ते तिथे कोणाला सांगितलं नव्हतं. मी बसा म्हटलं तरी ती बसली नाही. पिशवीतून डबा काढून तिने टीपॉयवर ठेवला आणि कमरेचा बटवा सोडून त्यातून एक रुमाल काढला. निळ्या काठाचा, गाठ मारलेला. तो रुमाल मी ओळखला. माझाच होता, कधीतरी हरवलेला.

“तुमच्या तांदळात होतं हे. तळाशी,” ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला. “अहो काका, एवढं सोनं कोण असं देतं? आमच्या घरात तेव्हापासून धड कोण जेवलं नाय. मालक बोलला ठेव, सासू बोलली देवानेच दिलंय. दोघांची जुंपली, तिसरी मी. पोरं घाबरून गप. मला तांदूळ पाहिजे होता, तो भेटला. चांगला होता तांदूळ. हे नको मला.”

ती मला रागावत होती आणि मी गाठ सोडत होतो. आत पाटल्या होत्या. शलोमी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने त्या पाहिल्या आणि तिथेच भिंतीला टेकून रडू लागली. इतके दिवस ती रडली नव्हती. मी मंगलला काय द्यावं ते न सुचून खिसे चाचपू लागलो, तशी ती म्हणाली, “काका, घ्यायचं असतं तर ठेवलंच असतं ना.” तिने पाणी तेवढं घेतलं, दोन पेले, आणि जिना उतरून गेली.

सगळे डबे आम्ही ओतून पाहिले होते, हा एक सोडून. त्यात हात घालायचा नाही, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणाच्या मनातही आलं नाही. पत्नीने नेमकं म्हणूनच तिथे ठेवल्या असणार. की ठेवल्या नव्हत्या, देवाला दिल्याच होत्या? ते मला आजही सांगता येत नाही.

मी करुणाला फोन केला. पाटल्या सापडल्या, कुठे सापडल्या, कोणी आणल्या, एवढंच सांगितलं. दिवेलागणीला ती दारात उभी होती. टीपॉयवर रुमाल उघडा पडला होता, पण तिने तिकडे बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली. मी खुर्चीतून उठलो नाही, उठायचं धाडस झालं नाही.

“शलोमी, मी चुकले गं,” तिचा आवाज आला. “मला तोंड दाखवायला जागा नाही.”

नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग शलोमी म्हणाली, “ताई, भात टाकतेय. तुम्हाला धरून टाकू ना?”

हे वाक्य ऐकून मी चष्मा काढला आणि मनसोक्त रडलो. उत्तर आलं होतं.

थोड्या वेळाने शलोमी बाहेर आली. तिची मूठ बंद होती. तिने टीपॉयवरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि तशीच थबकली. “पप्पा, हे बघा.” डबा रिकामा नव्हता. तळाशी मूठभर तांदूळ होते. मंगलला आमची पद्धत ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढं साधं घरंदाज वळण तिने पाळलं होतं. ज्या घरात आमचा तांदूळ मदत म्हणून गेला होता, त्या घराने त्यातली एक मूठ आमच्यासाठी काढली होती.

शलोमीने आपली मूठ त्यावर सोडली. करुणा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने टीपॉयवरचा रुमाल घेतला, त्याला आधीसारखीच गाठ मारली आणि तो तांदळावर ठेवला. मी म्हटलं, “अगं, तुझ्या आईने तुला कबूल केलं होतं.” ती म्हणाली, “पप्पा, या डब्यातून काढायचं नसतं. मम्मीचाच नियम ना?” आणि झाकण लावलं. रविवारी तो रुमाल दोघींनी मिळून पाळकांच्या हातात दिला. मंडळीने ते सोनं मोडून एक सोय केली. आता वाटपाचा तांदूळ सणापुरता राहिला नाही, दर महिन्याला जातो. शहाडलाही जातो.

मी देवाकडे सोनं मागितलं होतं, आणि त्याने ते माझ्या हातात दिलंही, पण तोवर मला ते नकोसं झालं होतं. ज्यासाठी हवं होतं ते घरात आलं होतं, भाताची वाट बघत बसलं होतं. माझ्या वैतागलेल्या हातांनी दिलेलंसुद्धा त्याने नाकारलं नाही, याचंच मला अजून नवल वाटतं. आता सकाळी प्रार्थनेत ‘रोजची भाकर’ म्हटल्यावर मी तिथेच थांबतो. पुढे मागण्यासारखं फारसं काही आठवत नाही. आत तांदूळ निवडल्याचा आवाज येतो, मग डब्याचं झाकण वाजतं, आणि मी आमेन म्हणतो.