भरती आणि सुकती

साहेबाने माझं ड्रॉइंग नाकाशी धरलं. "बोंबलाचा वास येतोय," म्हणाला. सगळं वर्कशॉप खिदळलं. मीही ओशाळं हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

तुर्भ्याच्या त्या वर्कशॉपमध्ये मी फिटर. आयटीआय पास. करावे गावातल्या मच्छीमाराची पोर. सुट्टीच्या दिवशी तिथेच भंगारातल्या छोट्या गाडीचं मी हायब्रीड करत होते. पुढची चाकं पेट्रोलवर, मागची विजेच्या मोटरवर. माझा बापूस होडीवर करतो तेच. ओहोटीला, म्हणजे आमच्या सुकतीला, खाडीबाहेर पडायचं, भरतीला परतायचं, अडलं तरच इंजिन. म्हणून गाडीच्या ड्रॉइंगवर बाणांशेजारी दोनच शब्द लिहिले. ब्रेक दाबला की मोटर बॅटरी भरते, ती भरती. सिग्नल सुटला की बॅटरी मोटरला वीज देते, ती सुकती. मोटर मागच्या चाकांना जोडणारं कपलिंग मीच लेथवर कातलं. सहा तुटली. सातवं टिकलं. त्याची मापं कागदावर चढवायची राहिली होती.

वास येणारं ड्रॉइंग साहेबाने ठेवून घेतलं. महिन्याभराने गाडी बघायला पाहुणे आले. पडद्यावर माझेच बाण, खाली त्याचं नाव. शब्द तेवढे इंग्रजीत. भरतीचं त्याने केलं होतं 'रिक्रूटमेंट'. एका पाहुण्याने विचारलं, गाडीत नोकरभरती कशाला? साहेब घाईने पुढचं चित्र लावायला लागला.

मागून मी बोलले, "नोकरभरती नाय ती. पान्याची भरती हाय. ड्रॉइंग माजं हाय."

त्याने सगळ्यांसमोर कानफटात मारली. ओठ फुटला. "मच्छी विकायची लायकी तुझी," म्हणाला. पुन्हा हात उगारला तेव्हा मी मनगट धरलं. जाळं ओढणाऱ्या घरातला हात आहे माझा. पिरगाळत गेले, तो गुडघ्यांवर येईपर्यंत. कुणी मध्ये पडलं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग घण उचलला. लिफ्टवरच्या माझ्या गाडीचं कपलिंग फोडलं. माझंच काम ते. तरी थांबले नाही. तुकडे ओढणीत बांधले आणि निघाले.

कागद त्याच्याकडेच आहे. त्यावरून बनवील ते तुटेल. सातवं माझ्या डोक्यात आहे. बापसाच्या होडीशेजारी दुसरी गाडी उभी केलीय. बॉनेटवर 'भरती' लिहिणार, माझ्या अक्षरात. आता कुणी वास घ्यायला नाक पुढे केलं तर मी हसणार नाही. नाक फोडीन.