पाणी वाहतं ठेवायचं

सुट्टीवर कळंबला आलो की कुणी ना कुणी विचारतंच, "जहाजावर बंदूक देत्यात का रं?" मी सांगतो, बंदूक न्हाय, पाण्याचा पाइप देत्यात. लोक हसतात. हसू द्या. चौदा वर्षं मी जहाजावर आहे. आता बोसन आहे, म्हणजे डेकवरच्या माणसांचा मुकादम. चाच्यांच्या पाण्यातून जहाज कसं न्यायचं ते मला विचारावं.

पद्धत साधी आहे. कठड्याला काटेरी तार गुंडाळायची. आग विझवायचे पाइप कठड्याला बांधून समुद्राचंच पाणी दिवसरात्र बाहेर सोडायचं, म्हणजे छोटी होडी खाली येऊन चिकटत नाही आणि कुणाला शिडी लावता येत नाही. नजर ठेवायची. तरीही कुणी आलंच तर मर्दुमकी दाखवायची नाही. भोंगा वाजला की सगळ्यांनी इंजिनाजवळच्या पोलादी खोलीत शिरायचं आणि दार आतून लावून घ्यायचं. चाचे वर चढले तरी त्यांच्या हाती माणूस लागत नाही.

माझ्या पहिल्या सफरीत आमचे बोसन रत्नागिरीकडचे होते. त्यांनी मला मागच्या उजव्या कोपऱ्यात उभं केलं आणि बजावलं, "पाइपाला हात लावू नकोस."

आता माझी अडचण ऐका. मी पाण्याच्या टँकरवर जगणाऱ्या गावचा. आमच्याकडं दुसऱ्याच्या घरचा नळ ठिबकताना दिसला तरी माणूस चप्पल काढून आत जातो आणि बंद करून येतो. भाजी धुतलेलं पाणी आई म्हशीला पाजायची. आणि इथं मांडीएवढा झोत दोन दिवस नुसता पडत होता. खारं पाणी, समुद्रातलं समुद्रातच चाललंय, हे मला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी लांबवर एकही होडी दिसेना, आणि माझ्या हातानं व्हॉल्व्ह फिरवला. म्हटलं, थोडाच वेळ. खोटं कशाला सांगू, इतकं बरं वाटलं!

पंधरा-वीस मिनिटांत मागून एक होडी आली. मासेमारीची असेल म्हटलं, पण तिच्यात जाळं नव्हतं, शिडी होती. ती सरळ माझ्या कोपऱ्याकडं वळली, कारण अख्ख्या जहाजावर पाणी पडत नव्हतं अशी जागा तेवढीच होती. मी वॉकीटॉकीवर ओरडलो. भोंगा वाजला. होडी चिकटू नये म्हणून कप्तानांनी वरच थांबून जहाज डावी-उजवीकडं वळवायला सुरुवात केली आणि बाकी सगळे खाली धावले. मी मात्र व्हॉल्व्हला लटकलो. घाईत तो उलटाच फिरवत होतो. शेवटी सुटला, झोत होडीत पडला, ती मागं हटली आणि मग मी जिवाच्या आकांतानं पळालो.

खाली बोसन पोलादी दार धरून उभे होते. त्यांनी मला आत ओढलं आणि दार लावलं. तासाभरानं वरून कप्तानांचा फोन आला, होडी निघून गेली. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, "झोत तूच मारलास ना? शाब्बास!" गप्प बसलो असतो तर शाबासकी पचली असती. पण बोसनांनी विचारलं, "उशीर का झाला?"

"पाइप म्याच बंद केला हुता," मी म्हणालो. "पानी वाया चाललं हुतं."

कुणी हसलं नाही. बोसन ओरडलेही नाहीत. त्यांचा हात अजून दाराच्या दांड्यावर होता.

"ती तुझी चूक," ते म्हणाले. "माझी तुझ्याहून मोठी. भोंगा झाला की दार लावायचं असतं. आत एकोणीस माणसं होती आणि तुझ्या एकट्यासाठी मी ते उघडं ठेवलं."

मला रडू आलं. सगळ्यांसमोर मी त्यांच्या पाया पडलो.

आता तो दांडा माझ्या हातात असतो. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगतो, उशीर केलास तर दार लावीन, थांबणार नाही. आणि मी खरंच लावीन. पण तसं करावं लागू नये म्हणून रोज दर तासाला सगळे पाइप मी स्वतः फिरून बघतो. माझ्या पाया पडायची वेळ मी कुणावर येऊ देणार नाही.