चिलखताखालची गोधडी

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या गॅरेजमध्ये मुलीचं चिलखत टांगलेलं असतं. आठवडाभर ती ऑफिसात कोड लिहिते आणि शनिवारी मध्ययुगीन लढायांच्या खेळात बोथट तलवार घेऊन धिप्पाड पुरुषांशी लढते. मध्ययुगात स्पेनमधल्या एका गावातल्या बायकांनी कुऱ्हाडी उचलून गाव राखलं, म्हणून त्यांना नाइटचा मान मिळाला, ही गोष्ट तिने मला शंभरदा ऐकवली आहे. मी ऐकून घ्यायचे, आणि मराठी मंडळात कुणी विचारलं की सांगायचे, ती वीकेंडला हिस्टरीचा क्लास करते. तीस वर्षं सर्जन होते मी. रक्ताला कधी भ्याले नाही, लोक काय म्हणतील याला भ्याले.

सामान जड, म्हणून तिच्याबरोबर जायचे. पण लढाई पाहायला कधी गेले नाही. पार्किंगमध्ये गाडीत मेथी निवडत बसायचे.

चिलखताखाली ती एक जाड कापडी कोट घालते, आपल्या गोधडीसारखा थरावर थर शिवलेला. त्याला घामाचा भयंकर वास यायचा. मागच्या वसंतात, मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी, मी तो तिला न विचारता गरम पाण्यात धुतला आणि ड्रायरमध्ये टाकला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. कोट चांगला चार बोटं आकसला.

तो तिच्या अंगात बसेना. कोटाशिवाय मैदानात उतरू देत नाहीत, आणि या स्पर्धेसाठी तिने वर्षभर मार खाल्ला होता. ती चिडली नाही. गॅरेजच्या पायरीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "आई, खरं सांग. तुला हे स्टॉप व्हायलाच हवं होतं ना?"

मला नाही म्हणता येईना. फार लाज वाटली.

मी एक जुनी सुती साडी काढली, तिचे आठ थर केले आणि कोटाच्या दोन्ही कुशी उसवून त्यात पट्ट्या घातल्या. माणसांची पोटं शिवलेल्या या हातांना त्या कापडाने रडकुंडीला आणलं. बसले शिवत दुपारभर.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या तपासनिसाने माझे टाके ओढून पाहिले आणि हे कुणी शिवलं म्हणून विचारलं.

"माय मॉम," ती म्हणाली. "शी इज अ सर्जन."

त्या दिवशी मी पार्किंगकडे वळलेच नाही. मैदानाभोवतीच्या दोरीपाशी उभी राहिले. पहिल्या लढतीत ती हरली, पण एक सणसणीत घाव नेमका माझ्या शिवणीवर बसला आणि शिवण टिकली. दुसऱ्या लढतीसाठी ती तयार होत होती, तेवढ्यात मंडळातल्या मैत्रिणीचा फोन आला. लेकीचा क्लास सुटला का, विचारत होती.

"क्लास नाही गं," मी म्हटलं. "ती तलवारीने लढते. नंतर बोलते, आता तिची लढत सुरू होतेय."

लेक हेल्मेटच्या फटीतून माझ्याकडेच बघत होती. म्हणून जरा मोठ्यानेच बोलले.