तापाची गादी

कुणाला ताप आला असं कळलं की आमच्या आप्पांचा चेहरा खुलायचा. बाकीचे लोक हळहळायचे, आप्पा मात्र विचारायचे, "पाव्हणा आला का?" आणि सोयरीक जमल्यासारखे लगबगीने उठायचे. गावात त्यांना पाव्हणेआप्पा म्हणत ते त्यामुळेच. मी त्यांची सून. लग्न होऊन चारठाण्याला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारणीने मला कानात सांगितलं होतं, "तुझा सासरा सोन्यासारखा हाय, पण त्यायच्यापुढं शिंकू नको."

जुन्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आप्पांचं किराणा दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आप्पा, रोज जिंतूरला नोकरीला जाणारे आमचे हे आणि मी. आप्पा पहाटे उठून लिंगपूजा करत, कपाळाला विभूती लावून दुकान उघडत, आणि त्यानंतर झोपेपर्यंत त्यांचं बूड कुठे टेकत नसे. गिऱ्हाईक साखरेचं नाव काढेपर्यंत आप्पांचा हात चहापत्तीवर गेलेला असे. गल्ल्यामागे कापसाची जाड गादी होती, वर पांढरी खोळ. पण आप्पांना तिच्यावर बसलेलं मी पाहिलं नाही. मीही मुळात चुळबुळी, एका जागी बसले की माझ्या पायांना मुंग्या येतात. त्या चिंचोळ्या दुकानात आम्ही दोघं दिवसभर एकमेकांना धडकत असू.

ती गादी आजाऱ्यासाठी होती. घरात कुणाला ताप आला, पडसं झालं, की त्याला मागच्या अंधाऱ्या खोलीत झोपवायचं नाही. वाकळ पांघरून थेट दुकानात गादीवर बसवायचं. "आत पडल्यावर ताप बी तितंच लोळत पडतोय. हितं माणसाची वर्दळ हाय, कटाळून जाईल निघून," असं आप्पांचं म्हणणं. पण खरी गोष्ट पुढेच होती. गादीवर बसलेल्या माणसाने, चांगलं असताना जे तोंडातून निघत नाही ते बोलून टाकायचं. काहीही. आणि ऐकणाऱ्याने ऐकून घ्यायचं, उलट एक शब्द बोलायचा नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. मी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "धडधाकट माणसाला बोलायला फुरसत न्हाई अन् दुसऱ्याला ऐकायला न्हाई. तापात माणूस बसतोय माय. बसला की पोटातलं वर येतंय. इतका फायदा असल्यावर ताप वाईट कसा?"

माझी पाळी पहिल्याच भादव्यात आली. भादव्याचं ऊन आणि मधूनच पाऊस, असं झालं की गावात साथ यायचीच. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, नाक लालभडक, आणि तेलाची बाटली घेऊन येणारा प्रत्येक जण मला न्याहाळून जायचा. लाजेने अर्धा ताप वाढला असेल. आप्पा समोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "बोल माय." मला काही सुचेना, आणि मग एकदम तोंडातून निघालं, "मला आंघोळीच्या आधी चहा लागतो." ज्या घरात पूजेआधी चूल पेटत नाही तिथे मी असं बोलले! आमचे हे तर पोत्यामागे लपले. आप्पांच्या कपाळावर आठी चढली, ओठ हलले, आणि मिटले. मी उठून हिंडूफिरू लागले त्या दिवशी पहाटे उठते तर ओट्यावर कप झाकून ठेवलेला. त्यावर कधी चर्चा झाली नाही.

पाहुण्याची सरबराई मात्र रीतसर व्हायची. पहिला नियम, त्याला जेवू घालायचं नाही. भूक लागेपर्यंत लंघन, नुसतं कोमट पाणी. मग तुळस, गवती चहा, सुंठ, चार मिरे आणि गुळाचा खडा घालून अर्धा होईपर्यंत आटवलेला काढा. कपाळाला सुंठीचा लेप. छाती भरली असेल तर तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी शेकायला, आणि भूक परत आली की हुलग्याचं पातळ कढण, म्हणजे माडगं, लसणाची फोडणी दिलेलं. पडशात ते माडगं नाकातून, डोळ्यांतून सगळीकडून पाणी काढायचं आणि डोकं हलकं व्हायचं. आणि तरीही आप्पा भोळे नव्हते. पाहुण्याची म्हण त्यांनी तापाला लावून ठेवली होती: "पहिल्या दिवशी पाव्हणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." तिसऱ्या दिवशी अंग गरम लागलं की ते स्वतः एसटीत बसवून आजाऱ्याला जिंतूरला डॉक्टरकडे न्यायचे. "काढ्यानं मान करायचा, उठतच न्हाई म्हणल्यावर डॉक्टरनं उठवायचा," असा त्यांचा हिशेब.

हीच म्हण ते स्वतःलाही लावत. पाहुणे म्हणून कुणाकडे गेले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी ठरलेली. सख्ख्या बहिणीने रडून धरलं तरी थांबले नाहीत.

आमची गौरी शाळेत जायच्या वयाची झाली आणि ह्यांची जिंतूरहून परभणीला बदली झाली. रोजचं येणंजाणं होण्यासारखं नव्हतं. मलाही आता दुकानाच्या चार फळ्यांत गुदमरायला व्हायचं. शिकवायची इच्छा होती, पदवी ट्रंकेत पडून होती. आम्ही गुपचूप परभणीत दोन खोल्या पाहून आलो. आता आप्पांना सांगायचं कुणी? आप्पा दुकान सोडून यायचे नाहीत हे आम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून आम्ही निघालो, असाच त्याचा अर्थ. हे म्हणाले, "मी न्हाई बोलणार. तू बोल." मी म्हणाले, "तुमचे वडील आहेत." असं आठ-आठ दिवस चाललं, आणि मग मला गादी आठवली. भादवा तोंडावर आलाच होता. ताप आला की बोलून टाकायचं, उलट उत्तर येण्याची भीतीच नाही.

त्या वर्षी मी तापाची जितकी वाट पाहिली तितकी माहेरच्या माणसाची कधी पाहिली नाही. तिन्हीसांजेला न्हायले. ओल्या केसांनी अंगणात बसले. शिंकणाऱ्या शेजारणीच्या मांडीला मांडी लावून वाती वळल्या. सीताफळांचा फडशा पाडला. आणि ताप काही येईना! कारण साथ सुरू झाल्याबरोबर आप्पा रोज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला अर्धा कप काढा द्यायचे. मग मी माझा काढा गुपचूप तुळशीत ओतायला लागले. चार दिवसांनी आप्पा तुळशीपाशी वाकून म्हणाले, "ही तुळस का वाळायलीय?" मी आत पळाले. जिवाला नुसता घोर लागला होता. रात्री कूस बदलावी, सकाळी कपाळाला हात लावून पाहावा, तर कपाळ गार.

ताप आला तो आप्पांना.

घरोघर आजाऱ्यांपाशी फिरून त्यांनी तो आणला असणार. पण कबूल कोण करतंय? अंग फणफणलेलं, डोळे लाल, आणि आप्पा शिडीवर चढून डबे पुसायला लागले. शेवटी ह्यांनी एक दंड धरला, मी दुसरा, आणि आम्ही त्यांना त्यांच्याच गादीवर बसवलं. वाकळ पांघरली. ते बसले तसे एकदम लहान दिसायला लागले. पायांची चाळवाचाळव चालूच होती. मी काढा हातात दिला आणि सवयीने म्हणाले, "बोला आप्पा."

त्यांनी हात लांबवून तराजूचं पारडं सरळ केलं. मग म्हणाले, "परभणीला खोल्या बघितल्यात तुमी. मला ठावं हाय. इतक्या दिसापासून मी वाट बघायलोय, कोन बोलंल म्हणून." घोटभर काढा प्यायले. "तुमी गेल्यावर मला करमायचं न्हाई. एकट्याच्यानं घास उतरायचा न्हाई. दुकानात हिंडतोय ना मी, ते बसलं की तुझी सासू आठवतीय म्हणून हिंडतोय. आता नातीचा आवाज बी जाईल."

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, 'नाही जात आप्पा, नाही जात आम्ही.' पण नियम आप्पांचाच. आम्ही दोघं खाली मान घालून उभे राहिलो. बाहेर कुणीतरी काडीपेटी मागत होतं, आणि कितीतरी वेळ कुणी दिली नाही.

तिसऱ्या दिवशी आप्पा नियमाप्रमाणे स्वतःच जिंतूरच्या गाडीत जाऊन बसले, डॉक्टरच्या गोळ्या घेऊन आले आणि हळूहळू उठले. उठल्यावर पहिली गोष्ट काय केली? टेम्पो ठरवून आले. मी म्हणाले, "आप्पा, आपण थांबू की अजून वर्षभर." ते पोत्याचं तोंड शिवत होते, मान वर केली नाही. "तापातलं तापात गेलं. पोरीची शाळा सुरू हाय." भांडी, ट्रंक, गौरीची सायकल चढली, आणि सगळ्यात शेवटी आप्पा खांद्यावर गादी घेऊन आले. मी म्हणाले, ही कशाला? आप्पा म्हणाले, "तितं ताप आला तर बसशील कुठं?" टेम्पो वळला तेव्हा मी मागे पाहिलं. ते गल्ल्यामागे, गादीच्या रिकाम्या जागेत उभेच होते.

परभणीतल्या पहिल्या भादव्यात मला खरोखरचा ताप आला. फोनवर माझा आवाज ऐकून आप्पा दुपारच्या गाडीने हजर, पिशवीत सुंठ, गवती चहा आणि हुलग्याचं पीठ. आल्या आल्या पुढच्या खोलीत गादी अंथरली, मला बसवलं, काढा चढवला आणि स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "बोल माय."

मी म्हणाले, "आप्पा, आता इथंच राहा. परत जाऊ नका."

त्यांचं तोंड उघडलं. दुकान, गिऱ्हाईक, देऊळ, माणसाने आपलं गाव सोडू नये, सगळं त्या उघड्या तोंडात मला दिसत होतं. मग ते मिटलं. पातेल्यावर झाकण ठेवून त्यांनी गॅस बारीक केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या चपलांकडे डोळे लावून बसले होते. चपला दारातच होत्या. तिसऱ्या दिवशी आप्पा गौरीला शाळेत सोडून आले आणि आपणहून म्हणाले, "माझी अक्कल गेली म्हण." मी ताप असताना हसले आणि तापातच रडलेही.

दुकान पुतण्याकडे गेलं. आप्पा गेल्या वर्षापर्यंत आमच्याकडेच होते, गल्लीभर फिरून पाहुण्यांची विचारपूस करत. गेले तेही चालता-फिरता, फिरून येऊन पाणी मागितलं तेवढ्यात. मला त्यांचा राग येतो, शेवटचं काही बोलायला त्यांनी आजारपणसुद्धा घेतलं नाही. खूप आठवण येते. सकाळी आंघोळीआधी चहाचा कप उचलते तेव्हा तर फारच.

आता भादवा लागलाय. गौरी बारावीला आहे. गेले काही दिवस ती मैत्रिणीशी दार लावून बोलते, पुण्याच्या कॉलेजाचं नाव कानावर पडतं आणि मी आत गेले की विषय बदलतो. काल संध्याकाळपासून ती शिंकते आहे. सकाळी कपाळाला हात लावला, गरम होतं. मी तुळस खुडून आणली, सुंठ ठेचली. गादीची खोळ धुतलेली होतीच, ती चढवली. सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझारा घालते आहे. काढा अर्धा आटलाय. ती वाकळ गुंडाळून गादीवर येऊन बसली आहे, आणि आता मला दारात उभं राहून म्हणायचं आहे, "बोल माय."