आबांनी निवडलेला रेकॉर्डर

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घशाचा कॅन्सर असल्याचं पक्कं झालं तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर आवाज राहणार नाही. आबा निरवांगीच्या भजनी मंडळात उभा जन्म गायले. दवाखान्यातून बाहेर पडतानाच मी ठरवलं, ऑपरेशनच्या आधी त्यांचं गाणं नीट रेकॉर्ड करून ठेवायचं. मोबाईलवर ते जमत नव्हतं. पखवाज वाजला की सगळा आवाजच फाटायचा.

त्यांना घेऊन मी बारामतीतल्याच एका दुकानात गेले. दुकानदारानं दोन रेकॉर्डर समोर ठेवले. एक मुठीत मावणारा, वर दोन बारके माइक. मधोमध ठेवला की सगळ्यांचं गाणं एकत्र घेणारा. दुसरा मोठा. त्याला कॉलरचा माइक जोडता यायचा आणि गाणाऱ्याचा आवाज वेगळा साठवता यायचा. मला अर्थातच मोठा हवा होता.

"आबा, जरा एखादी ओळ म्हणा," दुकानदार म्हणाला.

आबांनी म्हटली. त्यानं ती हेडफोनवर ऐकवली. आबांनी शेवटपर्यंत ऐकली, मग हेडफोन काढून काउंटरवर ठेवला.

"ह्यो कोन हाय?"

"तुम्हीच की आबा," मी म्हणाले.

"आवाज असा झालाय व्हय." ते रस्त्याकडं बघत राहिले. "कुनी सांगितलं न्हाय मला."

कोण सांगणार होतं?

"ह्यो बारकाच घे," ते म्हणाले. "मधी ठिव. समद्यांत मिसळून जाऊ दे."

"मग तुमचा आवाज ऐकूच येणार नाही."

"त्येच म्हनतोय मी."

एरवी मी वाद घातला असता. लहान रेकॉर्डर घेऊन आम्ही निघालो.

ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी देवळात भजन झालं. रेकॉर्डर पखवाजाच्या शेजारी आबांनीच ठेवायला लावला. मंडळी त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जोरात गायली, आबांना सांभाळून घ्यायला असेल. आबांचे ओठ हलत होते. ते गात होते की नाही, मला कळलं नाही.

ऑपरेशन झालं, आबा वाचले. गळ्याला भोक आहे, त्यावर रुमाल बांधतात. काही हवं असलं की टाळी वाजवतात, चिडले की ताटली आपटतात. भजनाला काही दिवस जाऊन बसले, मग तेही सोडलं.

एकदा आईनं ते रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात कान देऊन बसलो. एकामागून एक अभंग झाले, आबा कुठंच सापडेनात. मग दोन अभंगांच्या मधे, पखवाज वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला ते म्हणाले होते ते स्पष्ट आलं. "दमानं घ्या तात्या."

"पुन्यांदा लाव," आई म्हणाली.

आबा ओसरीवरच होते. त्यांनी ऐकलं असणार. उठले, पायात चपला घातल्या आणि उसाकडं निघून गेले. आईनं मान वर केली नाही. मी पुन्हा तेवढंच लावलं.