मिलिंद थांबला होता

काल इंग्लंडमधल्या स्लाऊच्या घरी फ्रीझर साफ करताना आत साचलेल्या बर्फाची लादी 'धप्प' करून सुटली आणि मी ओल्या हातांनी तसाच खाली बसलो.

वीसेक वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, मी आणि लीड्सचा माझा मित्र मिलिंद स्कॉटलंडच्या डोंगरात गेलो होतो. दोघंही पुण्याचे, सह्याद्रीत हिंडलेले. कारपार्कमधल्या फलकावर हिमस्खलनाचा इशारा होता. वाऱ्याने आणून टाकलेला नवा बर्फ जुन्या थरावर नीट बसलेला नाही, असं लिहिलं होतं. आभाळ मात्र निळंशार होतं. चढावर पायाखाली असाच दबका आवाज झाला. मिलिंद थांबला.

"ऐकलंस? परत जाऊ या का?"

"एवढ्या लांब आलोय. चल रे," मी म्हणालो.

तो पुढे झाला आणि त्याच्या वरचा अख्खा उतार तुटून खाली आला. आमच्याकडे फावडं नव्हतं. सिमेंटसारखा घट्ट झालेला बर्फ मी हातांनी उकरत राहिलो. बचावपथकाला तो सापडला, तेव्हा माझ्यापासून चार पावलांवर, जेमतेम कमरेइतका खोल होता.

कित्येक वर्षं वाटायचं, मी चुकीच्या जागी उकरलं. आता कळतं, चूक त्याआधीच झाली होती.

त्या दिवशी संध्याकाळीच मी पुण्याला त्याच्या आईला फोन केला होता. त्यांनी विचारलं, "शेवटी काही बोलला का रे तो?"

"नाही काकू," मी म्हणालो.

काकू गेल्या वर्षी गेल्या. खरं सांगायला आता कुणी उरलं नाही.