पायरीखाली धरलेली ओंजळ

कल्पना करा, तुमच्या समोर बारा टनांचा लोखंडी खांब क्रेनला लटकतो आहे. खाली काँक्रीटमधून आठ बोल्ट वर आलेले आहेत आणि खांबाच्या तळपट्टीला आठ भोकं आहेत. बोल्ट आणि भोक यांच्यात मोकळीक पाव इंचाची. क्रेन चालवणारा शंभर फूट उंचीवर काचेच्या केबिनमध्ये बसला आहे. तिथून त्याला ना बोल्ट दिसतात, ना भोकं. दिसतात ते फक्त तुमचे दोन हात. ओरडून उपयोग नाही, कारण चारी बाजूंनी रिव्हेट ठोकणं चालू आहे. आता तो खांब उतरवा. तळहात जमिनीकडे करून बोटं हळूहळू हलवा, म्हणजे थोडं खाली. अंगठा डावीकडे, म्हणजे तसूभर डावीकडे. मूठ आवळली की थांब. बोल्टांपाशी चार खलाशी, म्हणजे अवजड माल हलवणारे मजूर, उकिडवे बसून भोकं जुळवत असतात. त्यांची बोटं शाबूत राहणार की नाही, हे तुमच्या मुठीवर ठरतं.

देवाजी रामटेके हे काम १९५८ साली भिलाईत करत होता. मूळचा तुमसरकडचा. मँगनीजच्या खाणीत बाप गेला, थोरला भाऊ गेला, आणि आपणही तसेच जाऊ म्हणून त्यानं दुर्गची गाडी धरली. इथं माळावर पोलादाचा कारखाना उभा राहत होता. एका ठेकेदाराकडे तो खलाशी म्हणून लागला आणि वर्षभरात सिग्नलमन झाला. बायको सत्यशीला आणि तो मजुरांच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत राहत. डावीकडे तेलुगू कुटुंब, उजवीकडे पंजाबी, समोर छत्तीसगढी. मराठी बोलायला दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

वर केबिनमध्ये कोण बसतो हे देवाजीला पहिले दोन आठवडे ठाऊकच नव्हतं. एक दिवस जेवणाचा भोंगा झाला, रिव्हेटवाल्यांनी हात थांबवले आणि अचानक पडलेल्या शांततेत वरून आवाज आला.

"अबे ये, झोपून राहिला का बे? भोंगा झाला! मले भूक लागून राहिली!"

देवाजीनं मान वर केली. वर्षभरात परक्या तोंडून ऐकलेली ही पहिली मराठी शिवी.

"मंग खांब काय तुया घरी नेऊन ठेवू?" तो खालून ओरडला. "आधी उतरव याले, मंग तू उतर!"

खांब उतरला. मग शिडीवरून एक उंच, काळासावळा माणूस उतरला आणि देवाजीसमोर येऊन हसत उभा राहिला.

"कोन्या गावचा रे तू?"

देवाजीनं गाव सांगितलं. आणि डबा उघडण्याआधीच, पुढे कटकट नको म्हणून, बाकीचंही सांगून टाकलं. "रामटेके. बौद्ध हाओ आमी. नागपूरले दीक्षा घेतली दीड वरीस झालं. आधीच सांगून ठेवतो, मंग म्हनू नको."

त्या माणसानं देवाजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "मी कृष्णराव इंगळे. आर्वीकडचा. गावची पाटीलकी आमची." इकडे तिकडे पाहून तो देवाजीशेजारी मातीत बसला. "इथं कोन पाहून राहिलं बे? आन तुयी भाकर."

त्या दिवशी देवाजी घरी आला तो दारातूनच सांगत आला. "सत्यशीला, पाटलानं माया डब्यातली भाकर खाल्ली. माया हातून घेतली अन् खाल्ली."

"भूक लागली असंन," सत्यशीला चुलीकडे पाहत म्हणाली.

"तुले काई समजत नाई. जवसाची चटनी मागून मागून खाल्ली."

पण दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन भाकरी जास्त आल्या.

आठ महिने असे गेले. सकाळी हात बोलत, दुपारी तोंडं. कृष्णराव वरून खालच्या लोकांच्या नकला करी. रशियन इंजिनियर ऊन लागल्यावर कसा टोपी काढून डोकं पुसतो, फोरमन दयाराम चिडला की हिंदी सोडून छत्तीसगढीत कसा घसरतो. देवाजी हसून हसून ठसका लागेपर्यंत ऐके. एकदा त्याला दोन दिवस ताप आला, तर कृष्णरावानं दुसऱ्या सिग्नलमनच्या इशाऱ्यावर खांब हलवायला नकार दिला. "देवाजी के हाथ लाओ, तब काम होगा," असं तो दयारामला म्हणाला. हे देवाजीला कोणीतरी सांगितलं तेव्हा त्यानं आपले हात उलटेपालटे करून पाहिले होते. गावात याच हातांनी शिवलेलं भांडं लोक राखेनं घासून घेत. इथं एक पाटील त्या हातांवाचून अडून बसला होता. कारखाना उभा राहिला की माणसंही अशीच बदलणार, असं त्याला मनापासून वाटू लागलं. तसं तो खलाशांना सांगतही असे.

डिसेंबरात टाइम ऑफिसातले क्लार्क भय्याजी साइटवर आले. नागपूरचे, सेक्टर एकमध्ये नवा क्वार्टर मिळालेला. ते गावभर फिरून मराठी माणसं शोधत होते. "मंडळ काढायचंय आपल्याला," ते म्हणाले. "रविवारी चार वाजता माझ्याकडे या. दोघंही या हं. इथं आपण सगळे एकच, मराठी."

"मायंबी नाव लिहा म्हना मंडळात," सत्यशीला रविवारी देवाजीच्या सदऱ्याची कॉलर नीट करत म्हणाली. "छत्तीसगढी बोलून बोलून माया तोंडाची चव गेली."

भय्याजींच्या क्वार्टरला तीन पायऱ्या होत्या आणि वर छोटा व्हरांडा. खुर्च्यांवर आणि सतरंजीवर पंधराएक माणसं बसली होती. बहुतेक क्लार्क, दोन ओव्हरसियर. देवाजी आणि कृष्णरावाला कडेच्या दोन खुर्च्या मिळाल्या. मंडळाच्या नावावरून वाद चालू होता, इतक्यात भय्याजींची आत्या कौशल्याबाई पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. वर्धेकडची, साठीची, लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. देवाजीपुढे पेला आला. त्यानं तो घेतला आणि तोंडाला लावून प्याला. दीक्षा घेतल्यापासून त्यानं मनाशी ठरवलंच होतं, पाणी प्यायचं तर भांड्यानं, नाहीतर तहानलेलं राहायचं.

पेले कृष्णरावापर्यंत पोचायच्या आतच संपले. कौशल्याबाई आत जाऊन तांब्या घेऊन आली आणि कृष्णरावासमोर उभी राहिली. त्याच्याकडे निरखून पाहत तिनं विचारलं, "आर्वीकडचा ना रे तू? कोणाचा? बापाचं नाव काय?"

आवाज मोठा नव्हता. पण तो गावाकडच्या ओसरीवरचा आवाज होता.

मग जे घडलं ते तुम्ही डोळे मिटून उघडावेत एवढ्यात घडलं. कृष्णराव खुर्चीतून उठला. पाठ न दाखवता तीन पायऱ्या उतरला. खाली मातीत उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ हनुवटीला लावली.

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग एक ओव्हरसियर खो खो हसला. "अहो पाटील, विहिरीवर आलात का?" सगळे हसले. कौशल्याबाईही हसली. कृष्णराव ताडकन उठला, गुडघ्याची माती झटकत हसला आणि म्हणाला, "शेतातली सवय बाई. वढ्यावर पानी प्याची सवय."

देवाजी हसला नाही. ओढ्यावर पिणारा माणूस वाकतो, पाणी उचलून तोंडाशी नेतो. ही ओंजळ वेगळी होती. मनगटं एकमेकांना चिकटलेली, कोपरं वर, म्हणजे वरून पडणारी धार सरळ तोंडात जावी. आणि मान एका बाजूला वळवलेली, म्हणजे आपला श्वास वरच्या भांड्याला लागू नये. मान वळवायला कोणी शेतात शिकत नाही. देवाजीला ती त्याच्या आईनं पाचव्या वर्षी शिकवली होती, पाठीत धपाटा घालून.

परतताना संध्याकाळचं ऊन उतरलं होतं. मोकळ्या माळावरून दोघं कॅम्पाकडे चालले होते. देवाजी पावलागणिक कृष्णरावाकडे बघत होता. आठ महिने शेजारी बसून जेवणारा माणूस आपल्याच समाजातला निघाला होता. बिचारा किती एकटा पडला असेल! सांगून टाकू दे, मोकळा होऊ दे. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तो हळूच म्हणाला,

"जयभीम, भाऊ."

कृष्णराव चालता चालता थांबला. "काय म्हटलं?"

"काई नाई. म्यां पाह्यलं, बस. कोनाले सांगत नाई मी. माया आईची आन."

"काय पाह्यलं बे?"

"कृष्णराव, आता कायले भ्याचं? आपन काई चोर हाओ का?"

"आपन?" कृष्णरावाचा आवाज चढला. "आपन कोन? तुमा लोकायले जरा जवळ बसवलं का डोक्यावरच चढता. दोन घास खाल्ले तुयाजवळ, तर सोयरा झाला का तू माया?"

त्याचा चेहरा रागानं नाही, भीतीनं काळवंडला होता. देवाजीला ते दिसत होतं, आणि दिसत असूनही तो गप्प राहू शकला नाही.

"मान काऊन वळवली मंग?" त्यानं विचारलं.

कृष्णराव वळला आणि झपाझपा पुढे निघून गेला.

सोमवारी सकाळी देवाजी नेहमीच्या जागी उभा राहिला. खांबाला साखळी बांधून झाली. त्यानं हात वर करून उचलण्याचा इशारा केला. क्रेन हलली नाही. पुन्हा केला. वर केबिनच्या काचेआड कृष्णराव समोर बघत बसला होता. दहा मिनिटांनी दयाराम शिडी चढून वर गेला आणि खाली आला तो देवाजीची नजर चुकवत.

"इंगले बोल रहा है, तेरा सिग्नल साफ नहीं है। खतरा है बोलता है।"

"मेरा? साहब, आठ महीने में एक का नाखून नहीं टूटा!"

"मैं क्या करूँ रे। ऑपरेटर को जिस पर भरोसा नहीं, उसको खड़ा नहीं कर सकते।"

हा नियम खराच होता, आणि योग्यही होता. चालवणाऱ्याचा विश्वास नसेल तर इशारा करणारा बदलायचा. त्यात कारण विचारत बसले तर माणसं मरतात. म्हणूनच कोणी कारण विचारलं नाही. देवाजीच्या जागी दुसरा उभा राहिला, आणि देवाजी माल-यार्डात गेला. तिथं तारेचे दोर उलगडून त्यांना ग्रीस लावायचं काम होतं. सिग्नल साफ नाही, हे शब्द त्याच्या आधीच यार्डात पोचले होते. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "क्या उस्ताद, हाथ काँपता है क्या?"

आठवड्यानं भय्याजी यार्डाच्या फाटकाशी आले. चष्मा पुसत, इकडेतिकडे पाहत.

"देवाजी, मंडळाचं म्हणजे... यंदा जरा थांबा. काही लोकांची अडचण आहे. हळदीकुंकू वगैरे असतं, बायका असतात. माझं काही नाही हो. मी तर बोलावलंच होतं तुम्हाला."

"कोनाची अडचन?"

भय्याजी घुटमळले. "आता तुमच्या इंगळे पाटलांनीच काढला विषय. म्हणाले, असल्या लोकांबरोबर बसायचं असेल तर आमचं नाव काढा."

देवाजीच्या हाताला कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं होतं. ते पुसायलाही तो विसरला.

घरी त्यानं सगळं सांगितलं, ओंजळीसकट. सत्यशीलेनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "अजी, तुमाले ठाऊक हाय ना तो कोन हाय? मंग जाऊन सांगा भय्याजीले. पायऱ्या उतरवा त्याच्याकून सगळ्यायसमोर."

"नाई."

"काऊन? त्यानं ठेवली का तुमची इज्जत?"

"आईची आन घेतली म्यां."

"आईची आन!" ती संतापून म्हणाली. "तुमची आई त्याची कोन लागते?" आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं: पाठीत धपाटा घालून मान वळवायला शिकवणारी आई त्यालाही असणार.

फेब्रुवारीत पहिली भट्टी पेटली. मोठा समारंभ झाला, दुर्गपासून लोक आले. देवाजी गेला नाही. उभारणी संपली तसे ठेकेदाराचे लोक पांगले. कोणी दुर्गापूरला, कोणी धरणावर. कृष्णराव कुठं गेला हे कोणी सांगितलं नाही आणि देवाजीनं विचारलं नाही. दोन वर्षं ग्रीस लावल्यावर त्याला कारखान्यात खलाशी म्हणून घेतलं. सिग्नलचं काम त्यानं पुन्हा मागितलं नाही. कॅम्पात आता बौद्धांची वीसेक घरं झाली आहेत, जयंतीला मंडप पडतो, सत्यशीलेला मराठी बोलायला शेजारणी आहेत. पण कारखान्यातल्या कुठल्याही जातीच्या माणसानं डब्यातलं काही मागितलं की देवाजी डबा पुढे सरकवतो आणि खाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. स्वतःचा घास तसाच हातात राहतो. माणसं बदलतील असं तो आता खलाशांना सांगत नाही.

काम गेलं, ते तो कृष्णरावाला विचारणार नाही. मंडळाचंही विचारणार नाही. भीती काय असते ते त्यालाही ठाऊक आहे. एवढंच विचारायचं आहे, कधी समोर आलाच तर, आजूबाजूला कोणी नसताना:

आठ महिने माया डब्यातली भाकर तू खाल्ली, कृष्णराव, ते पाटील बनून खाल्ली का आपला मानूस म्हनून?